मिठाच्या पाण्यात काळा चुरा

आमच्या घरात दोन वास कायम असत, एक भाकरीचा आणि एक जळलेल्या प्लॅस्टिकचा. आकुर्डीच्या पलीकडे, रुळांच्या अंगाला अण्णांची भंगाराची वखार होती, आणि वखारीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली होती, ती आमची. भिंतीपलीकडे दिवसभर कटर चाले. कटर म्हणजे जुन्या प्लॅस्टिकच्या वस्तू दळून त्यांचा नखाएवढा चुरा करणारं यंत्र. त्याचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येई, आणि तो चालू असला की आम्ही घरातसुद्धा एकमेकांशी ओरडून बोलायचो. मला ओरडता यायचं नाही. काही हवं असलं तर मी कटर बंद व्हायची वाट बघत बसे. गुरुवारी सगळ्या कारखान्यांची वीज बंद असायची, म्हणून आई चेष्टेने म्हणायची, की आमची इंदू आठवड्याचं सगळं बोलणं गुरुवारीच बोलून घेते.

आई बीडकडची. पुण्याच्या अंगाला येऊन इतकी वर्षं झाली तरी तिने बाजरी सोडली नाही. गव्हाची चपाती खाणारी माणसं वाऱ्याने उडून जातात, असं तिचं ठाम मत होतं. सकाळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एखादी पातळ आमटी, आणि गुरुवारी हुलग्याचे शेंगोळे. त्यांच्या लसणाच्या फोडणीपुढे प्लॅस्टिकचा वास तेवढा वेळ तरी माघार घ्यायचा. वडील पत्रे दाबून भाग पाडणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर होते. तिन्ही शिफ्ट करायचे, बोलायचे कमी, आणि कुणाशी वाकडं यायला नको म्हणून रस्त्याच्या कडेकडेने चालायचे. माझा भित्रा स्वभाव त्यांचाच.

माझी शाळा चौथीला सुटली. सुटली असं लिहिते, पण ती मी सोडली नव्हती. गावाहून इकडे आलो तेव्हा चौथी पास झाल्याचा दाखला आणायचा राहिला. इथल्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, दाखला आणा, पाचवीत बसवतो. वडील म्हणाले, रजा मिळाली की जाऊन आणतो. ती रजा कधी मिळालीच नाही. मिळाली तेव्हा कुणाचं तरी मयत होतं, कुणाचं तरी लग्न होतं. एका कागदासाठी एक मूल घरी बसतं, आणि त्यात कुणालाच काही मोठं घडलं असं वाटत नाही, मलाही तेव्हा वाटलं नाही, याचा मला आज जास्त राग येतो. मी आईबरोबर वखारीत जायला लागले.

वखारीत आठ बायका होत्या. आमचं काम चुरा निवडण्याचं. त्यातले मुख्य प्रकार दोन, आणि त्यांना आमची नावं होती. एक मेणा. तो हाताला तेलकट, गुळगुळीत लागतो, दाताखाली दबतो, आणि काडी लावली तर मेणबत्तीसारखा वास येतो. दुसरा कडक. तो दाताखाली करकरतो, जळताना काजळी सोडतो आणि त्याचा गोडूस वास डोक्यात जाऊन बसतो. आख्खी वस्तू असली तर आम्ही ती फरशीवर आपटूनही ओळखायचो. मेणा बद्द वाजतो, कडक टणकन वाजतो. पण एकदा दळून चुरा झाला की एकेक कण कोण जाळून बघणार? मग तो पाण्याच्या हौदात ओतायचा. मेणा वर तरंगतो, कडक तळाला जातो. यात एक खुबी होती. कणाला हवेचा बुडबुडा चिकटला तर बुडणारा कणही खोटाच तरतो, म्हणून चिमूटभर साबण टाकून पाण्यात हात फिरवत राहावं लागे. ते काम आईचं. तिच्या हाताखालून शेवटचा माल जायचा. तिने बाजूला काढलेल्या पोत्याचं तोंड आमच्यातलीच शेवंतामावशी शिवायची, आणि ते पुन्हा कुणी उघडून बघायचं नाही. आईला याचा अभिमान होता. ती तसं कधी बोलली नाही, पण हौदापाशी उभी असताना तिचा पदर कमरेला ज्या प्रकारे खोचलेला असायचा त्यावरून ते कळायचं.

अण्णा तिथल्याच जुन्या गावचे. कारखान्यांत जमिनी गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी वखार टाकली होती. माणूस वाईट होता असं लिहिलं तर सोपं जाईल, पण ते खरं नाही. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा त्यांच्या घरून आईला डिंकाचे लाडू आले होते. पावसात पत्रा उडाला तर स्वतः शिडीवर चढले होते. फक्त त्यांना एक गोष्ट जमत नव्हती. आपण चुकलो, हे त्यांना म्हणता येत नव्हतं. मी पुढे आयुष्यात अशी पुष्कळ माणसं पाहिली, आणि त्यांची ही खोड नेहमी त्यांच्या हाताखालच्यांनी सोसायची असते, हेही पाहिलं.

मी चौदा-पंधराची असेन. एका सकाळी वखारीच्या दारात टेम्पो उभा राहिला, आणि त्यातून आमचीच शिवलेली अकरा पोती परत खाली उतरली. बरोबर भोसरीच्या एका लहान कारखान्याचे तरुण साहेब होते. ते आमचा कडक चुरा नेऊन वितळवून पंख्याच्या रेग्युलेटरची काळी झाकणं पाडायचे. या वेळची झाकणं स्क्रू पिळला की तडकत होती. साहेबांनी एक झाकण अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं तर त्याचा बिस्किटासारखा तुकडा पडला, आणि तुटलेल्या जागी पापुद्रे दिसले. साहेब म्हणाले, यात दुसरं प्लॅस्टिक मिसळलंय, अण्णा, माझी ऑर्डर परत आली.

अण्णांनी कटर बंद करायला लावला. तो बंद झाल्यावर जी शांतता पडते तीत आपल्या श्वासाचाही आवाज येतो. आम्ही आठ बायका, कटरवाला, टेम्पोचा ड्रायव्हर आणि साहेब, एवढ्या सगळ्यांच्या समोर अण्णा आईला म्हणाले, "अनसाबाई, ह्यो माल तुझ्या हाताखालनं गेलाय. भेसळ केलीस तू. कुठल्या दुसऱ्या वखारवाल्यानं सांगितलं तुला ह्ये?"

आईला आधी शब्दच समजला नाही असं मला वाटलं. ती म्हणाली, की पाण्याने जे खाली बसवलं तेच मी भरलं, अण्णा, माझ्या मनाचं काही घातलं नाही.

"मग काय, पाणी खोटं बोलतंय व्हय?" अण्णा म्हणाले, आणि ड्रायव्हर हसला. साहेबही जरासे हसले. ते आईला हसले नसतील, अण्णांना बरं वाटावं म्हणून हसले असतील. पण हसले.

अण्णांनी सांगितलं, की साहेब सोमवारी परत येतील. तोवर चांगला माल निवडून निघाला तर ठीक, नाहीतर वखारही सोडायची आणि खोलीही. मग कटर पुन्हा सुरू झाला. मी तिथेच उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. बोलण्यासारखं मला काही माहीत नव्हतं हे खरं, पण माहीत असतं तरी बोलले नसते, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी आईने भाकरी केली पण खाल्ली नाही. दूधवाला पाणी घालतो, वाणी डाळीत खडे घालतो, त्यांना भेसळवाले म्हणतात. आई शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी धान्याच्या राशीत माती राहिली तरी बाप जेवायचा नाही. तिला काम जाण्याचं तेवढं वाटलं नसावं. तो शब्द तिच्या अंगाला लागला होता. वडील सेकंड शिफ्टला निघता निघता म्हणाले, "शब्दच हाये. शब्दानं काय अंगाला भोक पडतं का?"

"तुमाला म्हनला असता तर पडलं असतं," आई म्हणाली.

वडील डबा घेऊन गेले. त्यांच्यावरही मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात चिडून होते. आता वाटतं, त्यांना रोज कंपनीत इतकं ऐकून घ्यावं लागत असेल, की भोकांचा हिशोबच राहिला नसेल.

परत आलेल्या पोत्यांतला ओंजळभर चुरा मी ओटीत घालून घरी आणला होता. का आणला ते मला सांगता आलं नसतं. दुसरा दिवस गुरुवारचा. कटर बंद. आई शेंगोळे वळत होती, पण तिचं लक्ष नव्हतं, त्यामुळे ते लहानमोठे होत होते. मी चुलीपाशी बसून एकेक कण चिमट्यात धरून काडीने पेटवत होते. पहिला जळला, काजळी, गोडूस वास. दुसरा तसाच. तिसऱ्याला वास आला तो मेणबत्तीचा. मला वाटलं, आईच्या हातून एखादा मेणा चुकून राहिला असेल. पण मग आणखी एक तसाच निघाला, आणखी एक. मी पितळी तांब्यात पाणी घेतलं, त्यातले वेगळे वाटणारे, हाताला जरा खरखरीत लागणारे कण टाकले आणि बोटाने ढवळले. ते सरळ तळाला गेले. बाहेर काढले, पुसले, जाळले, तर वास मेणाचा. आणि ज्योत विझल्यावर चिमट्यात कणाच्याच आकाराची पांढरी राख शिल्लक राहत होती. मेणा जळून गेला की मागे काही उरत नसतं.

हे आईला सांगायला मला शेंगोळे शिजून होईपर्यंत वेळ लागला. मी म्हणाले, "आई, हा बुडतो, पण हा मेणाच हाये."

आईने आधी मानलं नाही. मग तिने स्वतः तीन कण जाळले. पांढरी राख बोटांच्या चिमटीत घेऊन चोळली, तर ती मऊ, निसटती. बाळाच्या अंगाला लावतात ती ही भुकटी, बाळंतिणीच्या खोलीत ओळखीची असते. आई म्हणाली, "ही तर शंखजिऱ्याची भुकटी. कुणीतरी मेण्यात दगड दळून भरलाय, इंदे. म्हनून त्यो बुडायला लागला." मग तिला आठवलं, की मागच्या महिन्यात अण्णांनी कुठल्यातरी नवीन ठिकाणाहून तयार दळलेला काळा चुरा स्वतः सौदा करून आणला होता, आणि तो आमच्या ढिगात ओतायला लावला होता. आख्ख्या वस्तू आल्या असत्या तर आम्ही आपटून, चावून ओळखल्या असत्या. चुरा आला, म्हणून फक्त पाण्यावर भरवसा ठेवावा लागला.

माझा मुलगा आता चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याला मी एकदा सहज विचारल्यासारखं करून हे विचारलं. तो म्हणाला, आई, ती भेसळ नसते, प्लॅस्टिक ताठ राहावं म्हणून ती भुकटी मुद्दाम घालतात. म्हणजे बघा, त्या सगळ्या प्रकरणात भेसळ कुणीच केली नव्हती. आणि भेसळीचा शब्द तेवढा माझ्या आईच्या वाट्याला आला.

आता प्रश्न होता अकरा पोत्यांचा. दगड भरलेला मेणा बुडतो आणि कडकही बुडतो, दोघंही काळे, मग वेगळे करायचे कसे? आई म्हणाली, जाळत बसलो तर आपला जन्म जाईल. शेंगोळ्यांत मीठ कमी झालं होतं, मी बरणी उघडली, आणि मला आजोबा आठवले. पेरणीच्या आधी ते बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकायचे. पोचट आणि रोगट दाणे वर यायचे, ते फेकून द्यायचे. तळाला बसलेलं चांगलं बी धुऊन सावलीत वाळवायचे. साध्या पाण्यात हे दाणे नीट वेगळे होत नसत, मीठ लागायचंच. मी आईला बाजरी एवढंच म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ताटावरून उठून बादली घेतली.

बादलीत पाणी, दोन मुठी चुरा, आणि खडेमीठ. एक मूठ घातली, ढवळलं, काही झालं नाही. आणखी घातलं. घरातली बरणी संपली, मी वाण्याकडे पळाले. पुन्हा घातलं, आणि एका क्षणी तळातला एक काळा कण उठला, अर्ध्यावर येऊन थांबला, जरा वळला आणि वर आला. मग दुसरा. मग घोळक्याने यायला लागले. वर आलेला कण जाळला, तर कडक. तळाचा जाळला, तर मेणा. फक्त बाजरीच्या उलट, इथे चांगला माल वर येत होता आणि दगड खाली राहत होता. आईने त्या खाऱ्या हाताने माझ्या तोंडावरून हात फिरवला. ओठाला मीठ लागलं. नंतर आम्ही दोघींनी गार झालेले शेंगोळे खाल्ले. तसे शेंगोळे मी पुन्हा खाल्लेले नाहीत, आणि मीठ तर त्यांत नव्हतंच.

शुक्रवारी आईने अण्णांकडे मिठाची पोती आणि लोखंडी पिंपं मागितली. लोणचं घालतीयास का, असं अण्णांनी विचारलं, पण दिली. तीन दिवस आठही बायका लागलो. मीठ किती घालायचं ते मी सांगायचे, म्हणजे आईच्या कानात सांगायचे आणि आई सगळ्यांना सांगायची. मीठ जपून वापरायचं होतं, म्हणून कडक जेमतेम वर येईल एवढंच घालायचे. कापलेल्या बोटांना खारं पाणी झोंबायचं. शेवंतामावशी कोपरापर्यंत हात बुडवून अण्णांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची आणि आम्हाला हसवायची. सोमवारपर्यंत सात पोती चांगला माल निघाला, चार पोती दगडवाला. शेवटचं एक पिंप अर्धं भरून आम्ही मुद्दाम ठेवलं होतं, साहेबांना दाखवायला.

साहेब आले. त्यांनी पिंपात पाहिलं, वरचा कण उचलला, खालचा उचलला, चावूनही पाहिला. खरंच खूष झाले. हे कुणी शोधलं, असं त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे बघायला वळली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आमच्या वखारीची जुनी रीत हाय साहेब. ह्या बाया विसरल्या व्हत्या, मी ध्यान करून दिलं."

आणि साहेबांनी ते मानलं. ते अण्णांना समजावून सांगायला लागले, की याला घनता म्हणतात. तेवढ्याच जागेत कोण किती ठासून भरलेला आहे, ती घनता. पाण्यात मीठ विरघळलं की पाण्याची घनता वाढते, मग पाण्यापेक्षा जो हलका पडतो तो वर येतो. मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तो साहेबांच्या पाठीमागून. ते अण्णांकडे तोंड करून आणि आम्हा आठ जणींकडे पाठ करून बोलत होते. आता माझ्या नातीच्या पुस्तकात तो धडा आहे, चौकटीत, सूत्रासकट. ती तो मोठमोठ्याने पाठ करते तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. तिला वाटतं आजीला काही कळत नाही म्हणून आजी जाते.

आईला श्रेयाचं काही नव्हतं. ती पुढे झाली आणि म्हणाली, "अण्णा, आता म्हना."

"काय म्हनू?"

"बुधवारी हितंच सगळ्यांदेखत म्हनला होता, अनसाबाईनं भेसळ केली. आता सगळे हायेत. म्हना, केली नव्हती."

अण्णा हसले. म्हणाले, झालं ते झालं, दिवाळीला तुला चांगलं लुगडं घेतो, आता पोती चढवायला लागा. आई हलली नाही. म्हणाली, की मला लुगडं नको. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, साहेबांना खुर्ची द्यायला सांगितलं. पुन्हा तेच, पाठ.

मी हौदातून साध्या पाण्याची बादली भरून घेतली आणि त्या पिंपात ओतली. काठीने ढवळलं. दुसरी बादली ओतली. अण्णांना वाटलं असेल मी पिंप धुते आहे. साहेब खुर्चीत बसून बघत होते. तिसऱ्या बादलीला वरचे कण जरा जड झाल्यासारखे हलले. चौथी ओतली, ढवळलं आणि बाजूला झाले. वर तरंगत असलेला सगळा काळा चुरा हळूहळू, एकेक करून, खाली गेला. पाण्यावर काही राहिलं नाही. तळाशी सगळं पुन्हा एक झालं. साहेब खुर्चीतून उठले.

"ह्ये काय केलंस गं?" अण्णा मला म्हणाले.

मी काठी पिंपाला टेकवून ठेवली. आई बोलली. म्हणाली, "तुमच्या वखारीची जुनी रीत हाये ना, अण्णा? मग वर आना तुमीच."

अण्णांनी कटरवाल्याला मीठ टाकायला सांगितलं. त्याने थोडं टाकलं, काही वर येईना. अण्णांनी उरलेलं पोतंच उपडं करायला लावलं, तर दगडवालासुद्धा कडकबरोबर वर येऊन तरंगायला लागला. शेवंतामावशी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. साहेब आता अण्णांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. पण तेही काही बोलले नाहीत. सात पोती भरून टेम्पो गेला. शिकलेल्या माणसाने त्या दिवशी एक वाक्य बोलायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही. मी लाजरी, चौथी शिकलेली. त्यांना कशाची लाज आडवी आली?

दुसऱ्या दिवशी सकाळी, कटर सुरू व्हायच्या आधी, अण्णा आमच्या दारात आले. एकटेच. आई चुलीपुढे होती. ते चौकटीला हात लावून उभे राहिले, मागे बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अनसाबाई, तू भेसळ केली नव्हतीस."

आई भाकरी थापत राहिली. म्हणाली, "मला ऐकू नाही आलं."

अण्णांनी ते जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं.

"मला आलं," आई म्हणाली. "त्यास्नी नाही आलं." आणि तिने पिठाच्या हाताने भिंतीकडे दाखवलं, जिच्यापलीकडे बायका येऊन कामाला बसत होत्या.

अण्णांनी त्या भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, एखादं ओझं उचलता येत नसलेल्या माणसासारखं तोंड झालं होतं. मग ते गेले, आणि भिंतीपलीकडे कटर सुरू झाला. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि मला भांडी बांधायला सांगितलं. आम्ही शेवंतामावशीच्या बहिणीच्या खोलीत शेजारच्या वस्तीत राहायला गेलो. आई पुढे एका कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करायला लागली आणि शेवटपर्यंत तेच करत राहिली. वखारीत नंतर मिठाचे पक्के हौद बांधले, असं मावशीने सांगितलं. साहेबांनी पाण्यात सोडून मिठाचं प्रमाण बघायची काचेची नळी आणून दिली होती म्हणे. आठ बायकांचं काम मग तिघींत व्हायला लागलं, आणि आम्हा दोघींनंतर ज्या तिघी गेल्या त्यांत मावशीही होती. माझ्या बाजरीने त्यांचं काम गेलं, हेही मला इथे लिहिलं पाहिजे. मावशीने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. मी लावून घेतला आहे.

आई गेली, अण्णाही गेले. वखारीच्या जागी आता मोठी इमारत आहे. अण्णांनी ते चार माणसांत कधी म्हटलं नाही.

हे सगळं मी चार दुपारी बसून लिहिलं, पुनावळ्याच्या या फ्लॅटमध्ये, घरात कुणी नसताना, आणि वही साड्यांच्या घडीखाली ठेवत गेले. आज शेवटचं पान लिहिताना माझ्या लक्षात आलं, की मीही अण्णांसारखंच करते आहे. मागे बघून, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून, खालच्या आवाजात. मला स्वतःचाच इतका संताप आला की मी उठून बाहेरच्या खोलीत गेले. सून ऑफिसातून नुकतीच आली होती, मुलगा चहा घेत होता, नात अभ्यासाला बसली होती. मी म्हणाले, जरा बसा, मला काहीतरी वाचायचंय. मुलगा घाबरला, त्याला वाटलं दवाखान्याचा कागद आहे. मी उभी राहून वाचायला लागले, की माझ्या आईने, अनसाबाईने, भेसळ केली नव्हती.

सून म्हणाली, "आई, ऐकू येत नाहीये. पंख्याचा आवाज होतोय."

मुलगा पंखा बंद करायला उठला. मी त्याला म्हणाले, राहू दे. आणि मोठ्याने वाचलं.